तिरंगा उलटा की काळा झेंडा?

ऊसदरावरून सरकारवरचा राग दाखवायला तिरंगा उलटा धरावा, असं काही तरुण बोलतात. अमेरिकेत असं करतात; १९८९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निषेधासाठी ध्वज जाळणंही अभिव्यक्तीच्या हक्कात धरलं. आपला ध्वजाच्या अपमानाविरुद्धचा १९७१ चा कायदा वेगळा. केशरी पट्टा जाणूनबुजून खाली ठेवला, तर ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

मला मात्र कायद्याआधी सातारा जिल्ह्यातलं वडूज आठवतं. ९ सप्टेंबर १९४२ ला कचेरीवर निघालेल्या मोर्चात परशुराम घार्गे चरख्याचा तिरंगा घेऊन पुढे होते. गोळ्या लागून ते पडले. त्या दिवशी ९ जण हुतात्मा झाले. हे ज्यांच्या घराघरांत सांगितलं जातं, त्या सातारकरांपुढे उलटा ध्वज धरला, तर ऊसदराची मागणी कुणी ऐकणारच नाही. सगळं भांडण ध्वजावर येईल.

काळा झेंडा मंत्र्याच्या ताफ्यापुढे फडकला की राग कुणावर आहे ते लगेच कळतं. पोलीस ताब्यात घेतीलही, पण ध्वजाच्या अपमानाचा गुन्हा लागत नाही. सरकारवर सनदशीर टीका करायला तो कायदाही आडवा येत नाही. मी काळाच निवडेन. तिरंगा हवाच असेल, तर सरळ आणि सर्वांत पुढे.