बिलावर ‘रायझन ७’ एवढंच होतं

धाकट्या भावाला ब्लेंडर हे थ्रीडी मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर शिकायचं होतं, मधूनमधून गेमही खेळायचे होते. वेगळं ग्राफिक्स कार्ड इतक्यात परवडणार नव्हतं, म्हणून प्रोसेसरमध्येच चांगले ग्राफिक्स असलेला डेस्कटॉप शोधत होतो. विक्रेत्याने दाखवायला ठेवलेल्या मशीनवर गेम लावून दाखवला. अजिबात अडखळला नाही. त्यात एएमडीचा रायझन ७ ८७००जी होता. “तुम्हालाही रायझन ७च देतो. आठ कोअर, सोळा थ्रेड, रेडिऑन ग्राफिक्स, वर चार जीबी ग्राफिक्स मेमरी,” असं त्याने सांगितलं. बिलावर लिहिलं, ‘रायझन ७ प्रोसेसर, रेडिऑन ग्राफिक्स’. मी पैसे देऊन मोकळा झालो.

घरी तोच गेम, तीच सेटिंग, पण चित्र सतत अडकायचं. भाऊ दोन दिवस ग्राफिक्स चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, काढून पुन्हा टाकत बसला. आपलंच काहीतरी चुकतंय असं त्याला वाटत होतं, याचं मला अजून वाईट वाटतं. तिसऱ्या दिवशी मी विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचलं. रायझन ७ ७७००.

हा प्रोसेसर वाईट मुळीच नाही. त्याची एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी, ३२ एमबी आहे, ८७००जीची १६. सोबत वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मी स्वतः ७७००च घेईन. पण त्याच्या आतले ग्राफिक्स म्हणजे एएमडीच्या आरडीएनए २ या ग्राफिक्स पिढीची फक्त २ कंप्युट युनिट, म्हणजे चित्राची गणितं करणारे भाग. स्क्रीनवर चित्र दिसावं, व्हिडिओ चालावा, एवढ्यापुरती ती दिलेली असतात. ८७००जीमध्ये रेडिऑन ७८०एम आहे, आरडीएनए ३ची १२ युनिट. त्या युनिटमधले छोटे गणक, म्हणजे शेडर, मोजले तर ७७००मध्ये १२८, ८७००जीमध्ये ७६८. आणि ‘रेडिऑन ग्राफिक्स’ हे शब्द मात्र दोन्हींना लागू पडतात. माझी फसवणूक नेमकी तिथेच झाली.

त्या चार जीबीचा प्रकार तर आणखी संतापजनक. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसतेच, ते रॅममधूनच घेतात. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्रॅममध्ये, एक सेटिंग असतं, तिथे चार जीबी राखून ठेवली की विंडोजमध्ये ग्राफिक्सच्या नावावर ४ जीबी दिसू लागते. नवीन काहीच मिळत नाही. उलट आमच्या १६ जीबीतली १२च उरली होती. तीही एकाच स्टिकवर, म्हणजे रॅमच्या एकाच पट्टीवर! डीडीआर५ ५२०० रॅमच्या एका स्टिकमधून सेकंदाला जास्तीत जास्त ४१.६ जीबी डेटा जातो, दोन स्टिक दोन चॅनलवर, म्हणजे डेटाच्या दोन वेगळ्या वाटांवर, लावल्या की ८३.२. ज्या ग्राफिक्सचा सगळा भार रॅमवर, त्यांना एक स्टिक देणं म्हणजे हात बांधून कामाला लावणं.

परत करायला गेलो तर विक्रेत्याने बिल पुढे केलं. “यातलं काय खोटं आहे?” खोटं एकही अक्षर नव्हतं. ८७००जी हा आकडा मात्र त्यावर कुठेच नव्हता, त्यामुळे माझं तोंड बंद झालं.

तुम्ही घेणार असाल तर बिलावर मॉडेलचा पूर्ण आकडा आणि शेवटचं अक्षर लिहून घ्या, आणि पैसे देण्याआधी मशीन सुरू करून टास्क मॅनेजरमध्ये तेच नाव दिसतंय का पाहा. त्या एका अक्षराने सगळं बदलतं. रायझन ५ ५६००जीमध्ये ग्राफिक्स आहेत, ५६००मध्ये नाहीतच. इंटेलच्या आय५ १२४००मध्ये यूएचडी ७३० आहे, १२४००एफमध्ये काहीच नाही. वेगळं कार्ड नसेल तर त्यावर मॉनिटर काळाच राहतो. दाखवायच्या मशीनवर गेम कसा चालतो हे बघून ठरवू नका, तुमच्या हातात येणारं मशीनच समोर चालवून घ्या. रॅमच्या स्टिक किती, तेही विचारा.

आम्ही नंतर दुसरी स्टिक घातली. थोडा फरक पडला, पण २ युनिटची १२ काही होत नाहीत. भाऊ ब्लेंडरमध्ये सध्या हलकी मॉडेलं करतोय, आणि आम्ही ग्राफिक्स कार्डासाठी पैसे साठवतोय.