मूळपुरुषाचा शोध : फेरफार, वही की दप्तर?

काळी, म्हणजे गावची शेतजमीन, प्रथम कोणी कसली आणि पांढरी, म्हणजे गावठाण, कोणी वसवली, याविषयी देशावरच्या बहुतेक शेतकरी घराण्यांत एक सांगी असते आणि तिच्यात आपलाच मूळपुरुष पहिला असतो. ती सांगी कागदावर पडताळू इच्छिणाऱ्यापुढे मुख्यतः दोन वाटा आहेत : एक तलाठी दप्तरापासून निघणारी महसुली वाट आणि दुसरी नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांची. पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर, म्हणजे पेशवेकालीन सरकारी कागदपत्रे, ही तिसरी वाट आहे. परंतु मोडी वाचता येत नसेल, तर तिच्यापासून सुरुवात करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

महसुली अभिलेखांचे बळ त्यांच्या सलगतेत आहे. आजच्या सातबाऱ्यावरील फेरफार क्रमांक, म्हणजे जमिनीचा हक्क बदलल्याच्या नोंदीचा क्रमांक, घ्यावा, तो गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीमध्ये काढावा, तेथे सापडलेल्या मयत खातेदाराचे नाव घेऊन त्याच्या आधीचा फेरफार शोधावा, अशा रीतीने हक्कनोंदणीच्या १९०३ सालच्या कायद्यानंतर गावात नोंदी सुरू झाल्या तेथपर्यंत एकेक पिढी मागे जाता येते. ‘खातेदार मयत, वारस मुलगे ३, विधवा १’ एवढ्या एका ओळीत संपूर्ण कुटुंब हाती लागते. मात्र या वाटेवर दोन ठिकाणी हमखास चूक होते. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल, तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे बहुधा थोरला भाऊ. बाकीच्या भावांची नावे उताऱ्यावर नसली तरी ते नव्हतेच असे समजून वंशावळ आखली, तर अख्ख्या शाखा गळतात. दुसरी चूक क्रमांकांची आहे. १९४७ च्या कायद्यानुसार ज्या गावांत एकत्रीकरण झाले तेथे सर्व्हे नंबरांचे गट झाले, त्यामुळे जुन्या-नव्या क्रमांकांचा मेळ घातल्याशिवाय मागे गेल्यास माणूस शेजाऱ्याच्या पूर्वजांत जाऊन पोहोचतो. त्याहीपूर्वीचे, म्हणजे गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास इंदापुरात सुरू केलेल्या पद्धतीच्या मोजणीचे कागद मिळाले, तर त्यांत ‘राणू बिन तुकोजी’ असा बापलेकांचा जोड दिसतो. आडनाव असेलच असे नाही.

वहीचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. महसुली कागद जमिनीला चिकटलेला असतो, वही माणसाच्या मागे जाते. उपाध्याय आधी आडनाव आणि मूळ गाव विचारतात, कारण वह्या त्याच क्रमाने लावलेल्या असतात. अस्थिविसर्जनासाठी किंवा सिंहस्थात कोणी आला, की स्वतःचे, वडिलांचे, आजोबांचे, भावांचे, चुलत्यांचे व मुलांचे नाव त्यात उतरले जाते आणि गाव बदलले असल्यास ‘हल्ली मुक्काम’ अशी नोंदही सापडू शकते. दुष्काळात किंवा भाऊबंदकीत घराण्याने गाव सोडले असेल, तर फेरफारांची साखळी नव्या गावातल्या पहिल्या खरेदीपाशीच तुटते. पुढचा दुवा मिळण्याची खरी आशा वहीतच. उणीव एवढीच, की जो तीर्थाला आला त्याचीच नोंद झाली. ज्यांना ती यात्रा परवडली नाही त्यांच्या दोन-दोन पिढ्या कोऱ्या राहतात आणि लेकींची नावे तर क्वचितच आढळतात. कोल्हापूर-सांगलीकडील वाचकांनी याच्या जोडीला गावात येणाऱ्या हेळव्यांकडेही चौकशी करावी. वंशावळ सांगणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय आहे.

निवड अर्थातच हेतूवर अवलंबून राहील. जातीच्या दाखल्यासाठी किंवा वारसहक्कासाठी पुरावा हवा असेल, तर महसुली कागद, गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा यांवरच भर द्यावा. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध हाती घेतल्यापासून या कागदांची नावे घरोघरी परिचित झाली आहेत. केवळ वंशावळ पूर्ण करायची असेल, तर वही अधिक फलदायी ठरते. तरीही आरंभ फेरफारापासूनच करावा, असे मी सुचवेन. पणजोबांचे नाव, त्यांच्या भावांची नावे आणि जुने गाव ठाऊक असल्याशिवाय नाशिकला गेल्यास त्याच आडनावाच्या चार घराण्यांतून आपले कोणते, हे उपाध्यायांनाही सांगता येत नाही.

पेशवे दप्तराकडे वळावे ते शेवटी, आणि घराण्याकडे पाटीलकी, इनाम किंवा मिरास (जमिनीवरचा वंशपरंपरागत हक्क) असल्याचा काही धागा हाती असेल तरच. तेथील कागदांवर साल अंकांत असेलच असे नाही, ते शुहूर सनाचे असून अरबी शब्दांत येते : ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे दोन, सत्तर, शंभर व हजार, एकूण ११७२, त्यात ५९९ मिळवले की मृग ते मृग असे इसवी सन १७७१-७२ चे वर्ष निघते. परंतु मूळ सांगीचा निकाल लागण्याची शक्यता येथेच सर्वाधिक आहे. गावची जमीन थळांत वाटलेली असे, थळाला मूळ मिरासदार घराण्याचे नाव असे आणि थळझाड्यात कोणाचे थळ कोणते हे लिहिलेले असे. ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘आपले थळ’ म्हणत आलो त्याच्यापुढे त्या कागदात कधी कधी भलत्याच आडनावाची नोंद निघते, वर ‘गतकुळ’, म्हणजे ते घराणे नाहीसे झालेले, असा शेरा असतो, आणि आपला पूर्वज त्याच पानावर उपरी, म्हणजे मिरास नसलेला, म्हणून, दुसऱ्याची पडलेली जमीन कसणारा, भेटतो.