बोगद्यात ड्रोन आणि काडेपेटीहून लहान आयएमयू: आठ महिन्यांनंतर

बोगद्याच्या आतल्या अस्तराची तपासणी करणारा छोटा ड्रोन आम्ही बनवतोय. तोंडापासून थोडं आत गेलं की जीपीएस संपतं. काँक्रीटमधल्या सळ्यांमुळे होकायंत्रही भरकटतं. उरतो आयएमयू, म्हणजे हालचाल मोजणारा सेन्सर: फिरणं मोजणारे तीन जायरो, त्वरण मोजणारे तीन अ‍ॅक्सेलरोमीटर, आकार काडेपेटीहून लहान. सोबतीला खाली बघून जमीन किती सरकली ते मोजणारा ऑप्टिकल फ्लो कॅमेरा आणि उंचीसाठी लेझर. आठ महिने हाच संच उडवतोय.

आधी अपेक्षेबद्दल. या आकाराचा एमईएमएस (चिपवर कोरलेल्या सूक्ष्म यंत्रणेचा) सेन्सर एकट्याने ड्रोनला मिनिटभरही जागेवर धरू शकत नाही. त्वरणातून वेग आणि वेगातून अंतर काढताना चूक वेळेच्या वर्गाने वाढते. १ मिली-जी (गुरुत्वाकर्षणाचा हजारावा भाग) एवढा बायस, म्हणजे मापातली कायमची चूक, उरला, तर १० सेकंदांत अर्धा मीटर आणि ६० सेकंदांत जवळपास १८ मीटर. जायरोचं माप सरकलं तर त्याहून वाईट. ड्रोनचा कल चुकीचा समजला जातो, गुरुत्वाकर्षणाचा अंश आडव्या त्वरणात मिसळतो आणि चूक वेळेच्या घनाने वाढते.

मग आयएमयूची किंमत कळते कधी? धूळ उठते तेव्हा. पंख्यांच्या वाऱ्याने जमिनीवरची माती वर येते आणि कॅमेऱ्याला चार-पाच सेकंद काहीच दिसत नाही. ते चार-पाच सेकंद आयएमयूने निभावून न्यायचे असतात. आमच्या सेन्सरने ते निभावले, फार चांगले निभावले. पण पहिल्या दोन महिन्यांत नाही.

तेव्हा सकाळचं पहिलं उड्डाण हमखास एका बाजूला ओढायचं. उड्डाणाच्या नोंदी (लॉग) लावून बघितल्या, तर सेन्सर गरम होत जाईल तसा बायस सरकत होता. मग सेन्सरचा बोर्ड सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला. सकाळी बाहेर काढून टेबलावर अजिबात न हलवता चालू केला आणि तापेपर्यंतची नोंद घेतली. त्यावरून काढलेली दुरुस्ती फ्लाइट कंट्रोलरमध्ये, म्हणजे ड्रोन चालवणाऱ्या संगणकात, भरली आणि ती ओढ जवळजवळ गेली. सेन्सर घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आधी करायला सांगतो.

दुसरा धडा स्क्रूचा. एक स्क्रू जरा जास्त आवळला, बोर्ड किंचित वाकला आणि उभ्या अक्षाचा बायस बदलला. आता चारही स्क्रू सारखेच, हाताला बेताचे लागतील इतकेच. खाली मऊ जेल पॅड, कारण मोटरची थरथर थेट आत गेली तर थरथर गाळणारा सॉफ्टवेअरमधला फिल्टर काही वाचवत नाही. प्रॉपेलरला बारीकशी चीर असली तरी लॉगमध्ये लगेच दिसते.

तक्रार एकच, पण गंभीर. दुसऱ्या लॉटमधल्या एका बोर्डावर अक्षाची दिशा दाखवणारा बाण उलटा छापलेला होता. विक्रेत्याने बदलून दिला, पण आम्ही तो न तपासता उडवला असता तर ड्रोन भिंतीवरच गेला असता. तेव्हापासून नवा बोर्ड आला की हातात धरून नाक खाली, मग उजवीकडे कलवायचा आणि आलेख बघायचा. दोन मिनिटांचं काम आहे.

पुढच्या आवृत्तीत सेन्सरखाली छोटा हीटर घालतोय, म्हणजे तो एकाच तापमानावर राहील. बॅटरीचा थोडा वेळ जाईल, तो मला चालेल.