कोल्हापुरात राजारामपुरीतलं छोटं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान, परमिशनचा (फाईल उघडायच्या हक्कांचा) घोळ मिटवून दिला

आमचं लग्नाच्या फोटोंचं काम, घरी विंडोज, भावाचा मॅक आणि माझा उबुंटू (लिनक्स), त्यामुळं फाईली इकडनं तिकडं न्यायच्या म्हटलं की ॲक्सेस डिनाइड, म्हणजे परवानगी नाही, हे ठरलेलं. बाकी सगळीकडं एकच उत्तर, फॉरमॅट मारा. अहो पण आत लोकांच्या लग्नाचे फोटो आहेत!

राजारामपुरीतल्या या दादांनी आधी डिस्क नीट बघितली. जुन्या पीसीची एनटीएफएस (विंडोजची फाईली साठवायची पद्धत) डिस्क होती, त्यात फाईलचा मालक नावानं नाय तर एका लांबलचक आयडीनं लिहिलेला असतो, आणि तो आयडी जुन्या विंडोजचा, म्हणून नवीन विंडोज ओळखच देत नव्हतं, जणू सातबाऱ्यावर अजून जुन्या मालकाचंच नाव. मग टेकओन कमांडनं मालकी आपल्याकडं घेतली, आयकॅकल्सनं हक्क दिले, डेटा जसाच्या तसा मिळाला. लई भारी वाटलं खरंच.

मॅकवर एनटीएफएस वाचता येतं पण लिहिता येत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणून ने-आण करायला वेगळी डिस्क एक्सफॅट नावाच्या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये करून दिली, त्यात मालकी-परमिशन साठतच नाही त्यामुळं तिन्हीकडं चालते, आणि जुन्या फॅट३२ फॉरमॅटसारखी एका फाईलला ४ जीबीची अडचण नाही, व्हिडिओवाल्यांना हे महत्त्वाचं. फक्त इजेक्ट केल्याशिवाय केबल काढू नका, यात जर्नल (बदलांची आधी नोंद ठेवणारी वही) नसतं, डेटा खराब होऊ शकतो.

पार्किंगची बोंब आहे, संध्याकाळी गर्दी असते, सकाळी जावा. पैसे वाजवी घेतले आणि प्रत्येक कमांड समोर बसवून समजावली.