आई, मी आणि मिल्टनची मिल

आधी कामाचं सांगते, म्हणजे कोणी चुकीची डिस्क मागवणार नाही. ‘नॉर्थ अँड साउथ’ नावाच्या दोन मालिका आहेत. एक अमेरिकन, १९८५ ची, तिथल्या यादवी युद्धावरची; ती नव्हे. मी लिहून राहिले ती बीबीसीची, २००४ ची, एलिझाबेथ गॅस्केलच्या कादंबरीवरची, साधारण तासा-तासाचे चार भाग. (‘लिहून राहिले’ इंदुरात बरोबर आहे. पुण्याच्या वाचकांनी पुढे चालावं.)

भाचीने लंडनहून येताना दोन डीव्हीडी डिस्कचा संच आणला. आमच्या प्लेअरने पहिली डिस्क आत घेतली, घरघर केली आणि बाहेर ढकलली. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेत, ब्रिटनच्या डिस्क विभाग २ च्या, भारत विभाग ५ मध्ये, आणि साधा प्लेअर परक्या विभागाचं काही चालवत नाही, हे मला साठाव्या वर्षी कळलं. प्लेअर पिशवीत घालून जेल रोडला नेला. दुकानातला पोरगा म्हणाला, “आंटी, इसको तो म्यूझियम में रख दो.” पण मग त्याने रिमोटवर चार-पाच आकडे दाबले आणि प्लेअर सगळ्या विभागांचा झाला. तेव्हा विकत घेण्याआधी डिस्कच्या मागचा आकडा बघा, नाहीतर असा पोरगा शोधा.

इंग्रजी कादंबऱ्यांवरच्या या पोशाखी मालिकांची मी जुनी गिऱ्हाईक. सुरुवात अर्थातच १९९५ च्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’पासून, सहा भागांची. तिच्यातला कॉलिन फर्थचा ओला सदरा सगळ्यांना आठवतो. तो प्रसंग पुस्तकात नाहीच, पटकथाकार अँड्र्यू डेव्हिसने घातलेला. मला मात्र आठवतात त्या अ‍ॅलिसन स्टेडमनच्या मिसेस बेनेट. लोक त्यांना हसतात. पण पाच मुली, मुलगा नाही, नवरा गेला की राहतं घर लांबच्या नातेवाइकाच्या घशात जाणार. माझ्याही नसा ताणल्या असत्या. नायक डार्सीचे वर्षाला दहा हजार पौंड ही बातमी त्याच्या स्वभावाआधी गावभर पोचते. आमच्या रामबागेतल्या बायकाही स्थळ सांगताना आधी पगार सांगायच्या, मग नाव. सिनेमाच्या दोन तासांत नायक-नायिकेचं प्रेम बसतं, पण आत्या-मावश्यांना जागा उरत नाही. सहा तास हाताशी असले की त्यांनाही येऊन बसता येतं, म्हणून मला मालिकाच बऱ्या वाटतात.

आईला मात्र यातली एकही मालिका कधी आवडली नाही. आईचं वय त्र्याऐंशी, इंग्रजी शून्य. मी शेजारी बसून भराभर मराठीत सांगायची आणि ती दहा मिनिटांत उठून तांदूळ निवडायला घ्यायची. “बायका नुसत्या बसून राहिल्या आहेत गं. यांच्या घरी काम कोण करतं?” प्रश्न चुकीचा नव्हता.

‘नॉर्थ अँड साउथ’ तिने चारही भाग पाहिली, खुर्ची पुढे ओढून. त्यामुळे हे परीक्षण निम्मं तिचं आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. मार्गारेट हेलचे वडील दक्षिणेकडच्या हिरव्यागार खेड्यात पाद्री. मनाला पटेना म्हणून ते चर्चची नोकरी सोडतात आणि बायको-मुलीला घेऊन उत्तरेच्या मिल्टन या धुरकट गिरणीगावात येतात. मिल्टन म्हणजे नाव बदललेलं मँचेस्टर. गॅस्केलबाई स्वतः तिथे राहत. जॉन थॉर्नटन हा कापडगिरणीचा मालक हेलसाहेबांकडे शिकवणीला येतो. पुढचं तुम्हाला कळलंच असेल, पण ते किती अवघड रस्त्याने होतं यातच सगळी मजा आहे.

पहिल्याच भागात मार्गारेट गिरणीचं एक दार ढकलते. आत मागांच्या रांगा आणि हवेत सगळीकडे कापसाचे तंतू, बर्फ पडावं तसे संथ खाली येणारे. नंतर मावसबहिणीला पत्रात ती लिहिते की तिने नरक पाहिला आणि तो पांढरा आहे. मी हे आईला सांगायला तोंड उघडलं, तर ती आधीच म्हणाली, “साचाखातं.”

बाबा साचाखात्यात, म्हणजे मिलच्या मागांच्या खात्यात होते. इथल्याच एका मिलमध्ये, नाव जाऊ दे. आम्ही तेव्हा नंदानगरात राहायचो, मिलच्या माणसांची वस्ती. दुसरी पाळी संपवून बाबा यायचे तेव्हा भुवयांत, कानांवर, सदऱ्याच्या शिवणीत पांढरं भुरभुरलेलं असायचं. आई त्यांना अंगणात उभं करून पंचाने झटकायची, मगच घरात. आणि ते घरात फार मोठ्याने बोलायचे. आम्हा भावंडांना वाटायचं, सारखे रागावलेले आहेत. लँकेशायरच्या विणकर बायका मागांच्या खडखडाटात ऐकू येत नाही म्हणून एकमेकींच्या ओठांवरून बोलणं ओळखायच्या, हे मी खूप नंतर वाचलं, तेव्हा बाबांच्या आवाजाचा उलगडा झाला.

त्याच प्रसंगात थॉर्नटन एका कामगाराला बडव-बडव बडवतो, कारण तो आत लपून तंबाखू ओढत असतो. हेही पुस्तकात नाही. नायकाची ओळख अशी करून द्यायची पटकथाकार सँडी वेल्चची ही हिंमत मला खटकली. पुस्तकातला थॉर्नटन कडक आहे, पण लाथा मारणारा नाही. आईला जराही खटकली नाही. “कापसात विस्तव? बरं केलं त्याने. सगळे जळाले असते.” मी गप्प. पुढे थॉर्नटन स्वतःही जवळजवळ हेच कारण देतो. तेव्हा आईने माझ्याकडे बघितलं ते मी इथे वर्णन करत नाही.

रिचर्ड आर्मिटेज थॉर्नटन आहे आणि डॅनिएला डेन्बी-ॲश मार्गारेट. त्याच्यावर जगभरच्या बायका लट्टू आहेत. मीही थोडी आहे, वयाला शोभेल इतकी. पण ही मालिका माझ्या लेखी शिनेड क्युसॅकची. थॉर्नटनची आई, काळा पोशाख, ताठ मान, खिडकीतून गिरणीच्या अंगणावर लक्ष. नवऱ्याने कर्जात बुडून जीव दिला, त्यानंतर तिने आणि मुलाने पै-पै फेडून हे उभं केलंय. मुलगा मार्गारेटला मागणी घालायला जातो तेव्हा ती वाट बघत बसते. मुलगा आपल्या हातचा जाणार म्हणून आधीच दुःखी. आणि तो नकार घेऊन परत येतो तेव्हा त्याला नाही म्हणणाऱ्या मुलीवर ती जळते! एका चेहऱ्यावर दोन्ही. “हिला सून आली तर त्रास देणार,” आई म्हणाली, “पण बाई खरी आहे.” आईकडून यापेक्षा मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

बेसी हिगिन्स ही कार्डिंगच्या, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात काम करून छाती खराब झालेली पोरगी. ती करणारी अ‍ॅना मॅक्सवेल मार्टिन पुढच्याच वर्षी डिकन्सच्या कादंबरीवरच्या ‘ब्लीक हाउस’ मालिकेत नायिका एस्थर झाली. कादंबरीत बेसी मार्गारेटला सांगते की तंतू ओढून घेणारं मोठं चाक खोलीच्या टोकाला बसवता येतं, काही मालक बसवतातही, पण त्याला पाच-सहाशे पौंड पडतात आणि त्यातून नफा काही येत नाही. शिवाय काही कामगारांनाच चाक नको असतं, कारण तंतू गिळायची सवय झालेली, ते बंद झाले की भूक जास्त लागते आणि मजुरी तेवढीच. ही गोष्ट १८५४-५५ सालची. हे मी आईला सांगितलं नाही. बाबांचा शेवटच्या वर्षांतला खोकला तिला पुरेसा आठवतो.

संपाचा भाग फार चांगला बांधलाय. ब्रेंडन कॉयलचा हिगिन्स युनियनचा माणूस, अडाणी पण विचाराने पक्का. संप मोडल्यावर तो थॉर्नटनच्या दारात काम मागायला पाच तास उभा राहतो. मालिकेचं शहाणपण हे की इथे कोणी एक बाजू देवाची आणि एक राक्षसाची केलेली नाही. थॉर्नटनचा हिशोब खरा आहे, हिगिन्सचाही खरा, आणि मधल्या मध्ये बाउचर नावाचा सहा-सात पोरांचा बाप पाण्यात जातो. आई हे सगळं मला विचारल्याविना समजत गेली. बदलीवाले, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी रोजच्या रोज घेतले जाणारे, पहाटे फाटकाशी उभे राहायचे आणि आज नाव पुकारलं नाही की डबा तसाच घेऊन परतायचे, हे तिने रोज पाहिलेलं.

आता तक्रारी. मार्गारेटचा भाऊ फ्रेडरिक, नौदलातल्या बंडामुळे परागंदा झालेला, आईच्या मरणाच्या वेळी चोरून घरी येतो आणि त्याच्यावरून स्टेशनावर गैरसमज होतो. हे कथानक ‘चला, आता नायक-नायिकेला दूर करू या’ असं सांगत येतं. थॉर्नटनची बहीण फॅनी तर नुसतं पात्र भरायला आहे. पुढच्या भागांत माणसं इतकी पटापट मरतात की आईने विचारलं, “साथ आली का?” यात मालिकेचा दोष अर्धाच. डिकन्सच्या साप्ताहिकात कादंबरी क्रमशः येत होती, शेवट आवळावा लागला म्हणून गॅस्केलबाई नाराज होत्या आणि १८५५ मध्ये पुस्तक काढताना त्यांनी शेवटाकडे भर घातली. नावही डिकन्सचं, बाईंना ‘मार्गारेट हेल’ हवं होतं. दीडशे वर्षांनी वेल्चबाईही तिथेच अडखळल्या.

शेवट पुस्तकात लंडनच्या एका घरात आहे. मालिकेत तो स्टेशनावर आणलाय, एक गाडी उत्तरेला, एक दक्षिणेला. नावाला शोभतं, डोळ्यांना सुंदर दिसतं. फक्त १८५० च्या सुमारास चारचौघांत फलाटावर असं चुंबन? आईने त्या वेळी पाणी प्यायला उठायचं ठरवलं.

सबटायटल इंग्रजी आहेत आणि ती चालू ठेवाच. हिगिन्सचं उत्तरेकडचं बोलणं मला पहिल्या झटक्यात निम्मं कळलं. मार्टिन फिप्सचं संगीत जपून वापरलेलं, बरंय.

एक सल्ला: चार भाग एका बैठकीत संपवू नका. आम्ही चार रविवार घेतले, सकाळी पोहे-जलेबी आटोपल्यावर. मधल्या आठवडाभर आई भाजी चिरताना मध्येच म्हणायची, “त्या पोराने शाल घेतली असेल का दुरुस्त करून?” कुठलं पोर, कसली शाल, मालिकेत असलं काही नव्हतं. तिने आपली एक गोष्ट मनात जोडून घेतली होती. मूळ गोष्टही लोकांनी आठवड्या-आठवड्यानेच वाचलेली.

यानंतर काय बघायचं म्हणाल, तर २००५ चं ‘ब्लीक हाउस’. पंधरा भाग, पहिला तासाभराचा, बाकी अर्ध्या-अर्ध्या तासाचे, तेव्हा रोज रात्री जेवणानंतर एक जमतो. वारसाहक्काचा खटला पिढ्यान् पिढ्या चालतो आणि निकाल लागतो तेव्हा सगळी इस्टेट वकिलांच्या खर्चातच संपलेली असते. इंदूरच्या माणसाला हे अतिशयोक्त वाटणार नाही. हुकुमचंद मिल नव्वदीच्या सुरुवातीला बंद झाली आणि कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. तोवर किती जण उरले होते ते मिलच्या वस्त्यांमध्ये विचारा. मिला गेल्या, अनंत चतुर्दशीच्या त्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, तेवढ्या अजून रात्रभर निघतात. आई आता गच्चीवरून बघते.

चौथा भाग संपला, नावं वर सरकायला लागली. मार्गारेटने पैसे दिले, म्हणजे बंद पडलेली गिरणी परत सुरू होणार, एवढं मी आईला समजावलं. तिने मान हलवली. मग म्हणाली, “पहिल्या दिवशीचा तो कापूस परत लाव.”

डिस्क बदलली, दार उघडण्याच्या जागी आणली. ती दोन मिनिटं बघत राहिली. आवाज वाढव म्हणाली, वाढवला. आणखी वाढव म्हणाली. टीव्हीचे सगळे आकडे संपले, शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

“नाही,” आई म्हणाली. “एकदा डबा द्यायला गेले होते मी फाटकाशी. बाहेरच याच्यापेक्षा जास्त होता.”