व्हीलचेअरवरून पहिली परदेशवारी: सिंगापूर की लंडन?

माझी खुर्ची साधी, हाताने चालवायची. सोबतीला धाकटी बहीण. दोन्ही शहरं आम्ही दोघींनी मिळून पाहिली आहेत, म्हणून ओळखीतलं कुणी ना कुणी हा प्रश्न विचारतंच. पहिल्यांदा निघणाऱ्याला मी सिंगापूर सांगते. त्याचं मोठं कारण शहरात नाही, विमानात आहे.

मुंबईहून सिंगापूर साडेपाच तासांच्या आसपास, लंडन नऊ ते दहा तास. आपली खुर्ची विमानाच्या दाराशी काढून घेतात, आइल चेअरवरून, म्हणजे विमानातल्या मधल्या वाटेत मावणाऱ्या अरुंद चाकांच्या खुर्चीवरून, सीटवर बसवतात, आणि मग उतरेपर्यंत आपण तिथेच. टॉयलेट इतकं चिंचोळं की आपल्यातल्या कित्येकांना ते वापरताच येत नाही. मग आदल्या रात्रीपासून पाणी बंद करायचं, असं बरेच जण करतात. कृपा करून करू नका. कॅथेटर (लघवीची नळी) किंवा डायपरबद्दल डॉक्टरांशी आधीच मोकळेपणाने बोला. खुर्चीवरची गादी सामानात देऊ नका, ती विमानाच्या सीटवर घालून बसा. कमरेखाली संवेदना नसेल तर बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झालेली कळतसुद्धा नाही, आणि सहलीहून परतल्यावर महिनाभर पालथं पडून राहावं लागतं. पाच तासांत हे निभावतं का, ते एकदा पाहा. मग दहाचं ठरवा.

उतरल्यावर सिंगापूर फार विचार करायला लावत नाही. एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, प्रत्येक स्टेशनावर पायऱ्यांशिवाय आत जायची निदान एक तरी वाट आहे, आणि सगळ्या सार्वजनिक बसमध्ये रॅम्प. पहिल्याच सकाळी बस थांबली, ड्रायव्हर खाली उतरून मधल्या दाराशी आला, वाकून बसच्या तळातली फळी उचलली आणि फूटपाथवर उलटी टाकली. कुठे उतरणार, एवढंच विचारलं. उतरायच्या स्टॉपवर पुन्हा स्वतःहून आला. मागचे प्रवासी गप उभे होते. मला माफी मागावी लागली नाही, हे माझ्या लक्षात राहिलं.

अडतं ते लिटिल इंडियात, म्हणजे तिथल्या जुन्या भारतीय वस्तीत. जुन्या दुकानांपुढच्या ओट्यांची उंची दर चार पावलांवर बदलते, मध्येच पायरी येते आणि रस्त्यावर उतरावं लागतं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या सामायिक जागेत, बरीच स्टुलं जमिनीला पक्की केलेली असतात, तेव्हा मोकळ्या कडेचं टेबल शोधायचं. उकाडाही जबरदस्त; घामाने चाकाच्या रिमवरून हात सटकतात. सकाळी बाहेर, दुपारी गार्डन्स बाय द बेच्या थंड काचघरांत, संध्याकाळी मरीना बेच्या सपाट काठावर, हा क्रम आम्हाला मानवला.

लंडनला हवा सुखाची, पण भुयारी रेल्वे जुनी. 272 स्टेशनांपैकी साधारण एक तृतीयांशच पायऱ्यांविना. पिकॅडिली सर्कस, कोव्हेंट गार्डन ही नावाजलेली स्टेशनं आपल्यासाठी नाहीत. वेस्टमिन्स्टर आणि ग्रीन पार्क आहेत. नकाशावर निळं व्हीलचेअर चिन्ह म्हणजे रस्त्यापासून थेट डब्यापर्यंत वाट. पांढरं म्हणजे फक्त प्लॅटफॉर्मपर्यंत, पुढे फट किंवा पायरी असू शकते. 2022 मध्ये सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनची सगळी 41 स्टेशनं पायऱ्यांविना आहेत, हीथ्रोहून शहरात यायला तीच घ्या. लिफ्ट चालू आहे ना, हे रोज निघण्यापूर्वी पाहायचं.

आम्ही मात्र लंडन बसनेच फिरलो. व्हीलचेअरवाल्याला तिकीट नाही, रॅम्प आपोआप बाहेर सरकतो. जागा एकच असते. एकदा तिथे बाबागाडी उभी होती. ड्रायव्हरने दोनदा सांगितलं आणि त्या आईने गाडी घडी करून घेतली. शिवाय काळी टॅक्सी: प्रत्येकीत रॅम्प, आणि खुर्चीसाठी जादा भाडं घ्यायला कायद्याने बंदी. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न यांचे कायमचे संग्रह फुकट. एका दालनात दोन तास काढायची आवड असेल तर लंडनला तोड नाही. टॉवर ऑफ लंडनमध्ये सोबत्याचं तिकीट लागत नाही, पण तिथल्या दगडी फरसबंदीवर कंबर खिळखिळी होते. राजमुकुट पाहून परतलं तरी चालेल.

(पॅरिसचंही विचारतात. मेट्रोतली पूर्ण सोयीची लाइन एकच, 14 नंबरची. बाकी बसवर भिस्त.)

हॉटेलचं दोन्हीकडे सारखंच. ‘अ‍ॅक्सेसिबल रूम’ म्हटलं तरी आत बाथटब निघू शकतो. बाथरूमच्या दारावर मोजपट्टी आडवी धरून फोटो पाठवा, असं ईमेलवर मागायचं, पाठवतात. चार्जरची पिनही दोन्हीकडे एकच, तीन चौकोनी दांड्यांची.

तुमची खुर्ची इलेक्ट्रिक असेल तर मात्र माझं पारडं थोडं लंडनकडे झुकतं. सिंगापूरच्या बहुतेक टॅक्सी साध्या मोटारी आहेत, न दुमडणारी खुर्ची त्यांत मावत नाही, आणि रात्री उशिरा एमआरटी बंद झाल्यावर खास गाडी बोलवावी लागते. विमान कंपनीला निदान 48 तास आधी कळवा, आणि बॅटरीवरच्या लेबलचा स्पष्ट फोटो फोनमध्ये ठेवा. बॅटरी लिथियमची आहे की जेल प्रकारची, क्षमता किती वॅट-अवर, हे चेक-इनच्या काउंटरवर पहिलं विचारतात.