खोताची वाडी, गिरगाव: अवश्य जा, पण सावकाश फिरा

माझं माहेर गिरगावातलं. आता राहते बोरिवलीला, तरी बाहेरगावचं कुणी आलं की गेटवेच्या आधी मी त्यांना खोताच्या वाडीत नेते. जगन्नाथ शंकरशेठ रस्त्यावर बस, टेम्पो, हातगाड्या यांचा नुसता कल्ला असतो. बोळात वळून थोडं आत गेलं की तो मागे पडतो आणि कुणाच्या तरी घरातली फोडणी ऐकू येते. मुंबईत हे सुख दुर्मीळ आहे.

वाडी अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनची. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथले प्लॉट ईस्ट इंडियन कुटुंबांना विकले, वाडीला नाव त्यांचंच राहिलं. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई-वसई पट्ट्यातले मूळचे ख्रिस्ती, घरात मराठीची स्वतःची बोली बोलणारे. त्यामुळे इथलं वातावरण आपल्याला परकं वाटतच नाही. दाराशी क्रूस, पलीकडे तुळस, आणि दोन्ही घरांचे उंबरे समोरासमोर.

घरं बघायची ती जिन्यांपासून. लाकडी जिना घराच्या बाहेरून वर चढतो, म्हणजे वरच्या मजल्यावरच्यांना खालच्यांच्या घरातून जावं लागत नाही. पुढे व्हरांडा, वर कौलं, पागोळीखाली झालरीसारखी कोरलेली लाकडी पट्टी. एका घराच्या कठड्याचा हिरवा रंग उडालाय, त्याखाली निळा दिसतो आणि निळ्याच्या खाली पिवळा. पायऱ्या मधोमध झिजल्यात, कडेला मात्र अजून धारदार आहेत. किती पिढ्या चढल्या-उतरल्या असतील! मी तिथे दर वेळी रेंगाळते.

एके काळी इथे 65 घरं होती असं सांगतात, आता तिशीच्या आत आली आहेत. कौलांच्या मागे टॉवर डोकावतात, ते बघून जीव तुटतो. घर टिकवणं खर्चाचं आहे, सागवान आणि तसं काम करणारा सुतार दोन्ही महाग. तरीही जे लोक नेटाने घर सांभाळून आहेत, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

म्हणूनच एक गोष्ट कळकळीने सांगते. इथे माणसं राहतात. लग्नाआधीचे फोटो काढायला लोक परक्यांच्या जिन्यावर बसतात, उघड्या दारातून आत कॅमेरा लावतात. हे बरं नाही. आजी व्हरांड्यात बसल्या असतील तर आधी विचारा. बहुतेक वेळा त्या स्वतःच घराबद्दल सांगायला लागतात.

कधी जावं? आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी. नाताळच्या दिवसांत संध्याकाळी, घराघरांवर चांदण्या लागलेल्या असतात तेव्हा. वाडीतल्या आयडियल वेफर्सचे बटाट्याचे वेफर्स घ्याच, पातळ आणि कुरकुरीत, घरी पोहोचेपर्यंत पुडा शिल्लक राहत नाही. पोटभर खायचं असेल तर ठाकूरद्वारला विनय हेल्थ होमची मिसळ.

गाडी आणू नका, लावायला जागा मिळणार नाही. चर्नी रोड स्टेशनवरून चालत या, नाहीतर भुयारी मेट्रोचं गिरगाव स्टेशन आहेच. बोळ अरुंद आहेत, तेव्हा मोठा ग्रुप असेल तर तीन-चार जणांच्या तुकड्या करून फिरा.